हातोड्याच्या शोधात

आपल्याकडे भूमिगत धनाचा विषय निघाला की पायाळू माणूस, डोळ्यांत घालायचे अंजन आणि हंड्यावर बसलेला नाग हे सारे ओघानेच येते. परंतु इंग्लंडच्या पूर्वेकडील सफोक परगण्यात, हॉक्सन नावाच्या खेड्यात, १६ नोव्हेंबर १९९२ रोजी जे घडले त्याच्या मुळाशी धनाची वासनाच नव्हती. एका शेतकऱ्याचा हातोडा रानात हरवला होता आणि तो धुंडाळून देण्यासाठी त्याचा स्नेही, एक सेवानिवृत्त माळी, आपला मेटल डिटेक्टर घेऊन आला होता.

हा त्या देशातील हजारो लोकांचा विरंगुळा आहे. सुगी उरकली, की मालकाची परवानगी घेऊन ही माणसे धसकटांच्या किंवा नुकत्याच नांगरलेल्या रानात तासामागून तास, अगदी संथपणे, दांड्याच्या टोकाची तबकडी जमिनीलगत फिरवीत चालतात. तबकडीतील तारेच्या वेटोळ्यातून वाहणारा उलटसुलट विद्युत्प्रवाह मातीत चुंबकीय क्षेत्र उत्पन्न करतो. त्यामुळे धातूमध्ये जे सूक्ष्म प्रवाह उठतात त्यांची चाहूल यंत्राला लागते आणि कानांत आवाज उमटतो. दिवसभराच्या पायपिटीनंतर पदरी पडतात ती बहुधा बटणे, खिळे आणि बाटल्यांची झाकणे.

त्या दिवशी मात्र चांदीचे चमचे, सोन्याचे अलंकार आणि नाणी वर येऊ लागली. आणि येथेच त्या माळ्याचे थोरपण आहे, की हाताशी एवढे वैभव लागले असताना त्याने पुढे खणणे थांबवले आणि अधिकाऱ्यांना वर्दी पाठविली. दुसऱ्या दिवशी पुरातत्त्वज्ञांनी ती जागा शास्त्रशुद्ध रीतीने उकरली, म्हणूनच लाकडाचे आणि कापडाचे अवशेष व चांदीची इवलीशी कुलुपे जागच्या जागी नोंदली गेली, आणि हे सारे एका मोठ्या पेटीत, आतल्या लहान डब्यांसह, नीट रचून पुरले होते हे कळले. १४,८६५ रोमन नाणी निघाली. त्यांतली सर्वांत अलीकडची इसवी सन ४०७-४०८ ची, म्हणजे ब्रिटनमधील रोमन सत्ता ढासळत असतानाची.

त्या ठेवीतील एक वस्तू आपल्या विशेष जिव्हाळ्याची आहे. सुमारे दहा सेंटिमीटर उंचीची, केशभूषा केलेल्या एका स्त्रीची ती चांदीची अर्धप्रतिमा. जागोजाग सोन्याचा मुलामा, आणि तळाशी फिरणारी चकती, जी एका स्थितीत बंद राही, दुसरीत भरण्यासाठी उघडे आणि तिसरीत आतील पूड भुरभुरू देई. ती मिरपूड होती, आणि रोमन जगाला मिरी पुरवीत असे मलबार किनारा.

हा खजिना ब्रिटिश म्युझियमकडे गेला, बक्षिसाची रक्कम साडेसतरा लाख पौंड ठरली आणि माळ्याने तीत शेतकऱ्याला वाटेकरी केले. हातोडाही सापडला, तोही म्युझियममध्येच आहे. पुढे १९९६ साली तेथे नवा कायदा झाला, आणि १९९७ पासून, ज्या किरकोळ वस्तूंना खजिना म्हणता येत नाही त्यांचीही, सापडल्या जागेसह स्वेच्छेने नोंद करण्याची योजना सुरू झाली. आजवर तिच्या दप्तरी दहा लाखांहून अधिक वस्तू आल्या आहेत. आपल्याकडील १८७८ चा कायदाही दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडल्यास कलेक्टरला लेखी खबर देण्यास बजावतो; पण त्याची दृष्टी मुख्यत्वे मालकी आणि वाटणी यांवर खिळलेली आहे, जागेच्या साक्षीवर नव्हे.

त्या साक्षीचे मोल प्रवरेकाठच्या दायमाबादला कळते. १९७४ साली तेथे झाडाचे मूळ उकरताना चार ब्राँझशिल्पे हाती आली: हत्ती, गेंडा, रेडा, आणि बैल जुंपलेला रथ व त्यात उभा हाकणारा. एकत्रित वजन साठ किलोंहून अधिक. उकरणाऱ्याचा यात लवमात्र दोष नाही; परंतु ती ज्या थरात होती तो थर पाहण्यास त्या क्षणी जाणकार कोणी नव्हता. नंतर तेथे रीतसर उत्खनन झाले, ग्रंथ लिहिले गेले. तरीही त्या रथाचा काळ कोणता, याविषयी विद्वानांचे एकमत झालेले नाही.