बाटली खाणारा जंतू आणि मी

"जीवरसायनशास्त्र म्हणजे औषधांचेच ना गं?" असे लग्नकार्यात मला हमखास विचारतात. "नाही, प्लॅस्टिकच्या बाटल्यांचे," असे उत्तर दिले, की विचारणाऱ्या काकूंचा चेहरा पाहण्यासारखा होतो. मुलीने एम. एस्सी. होऊन पीएच. डी. करायची ती भंगारासाठी?

तर वाचकहो, त्या भंगाराचीच हकीकत ऐका. जपानातील साकाई शहरात, बाटल्यांचा पुनर्वापर होतो अशा ठिकाणच्या गाळात शास्त्रज्ञांना एक जंतू सापडला. २०१६ साली त्याची माहिती प्रसिद्ध झाली. नाव 'इडिओनेला साकाएन्सिस'. हा पठ्ठ्या पाण्याच्या बाटलीचे प्लॅस्टिक, म्हणजे 'पेट', चक्क खातो! भाकरी पचवायला आपल्या लाळेत विकर म्हणजे एन्झाइम असते ना, तशी याच्यापाशी दोन आहेत. पहिले प्लॅस्टिकची लांबलचक साखळी तोडते; दुसरे त्या तुकड्यांपासून टेरेफ्थॅलिक आम्ल आणि इथिलीन ग्लायकॉल वेगळे करते. बाटली बनते ती याच दोन द्रव्यांपासून!

मग सोडा की हे जंतू मुळा-मुठेत! छे हो. प्लॅस्टिकचा पातळसा पापुद्रा संपवायला त्याला ३० अंशांत सुमारे सहा आठवडे लागले. शिवाय बाटली ताणून बनवतात, त्यामुळे तिच्या साखळ्या घडीच्या साड्यांसारख्या घट्ट बसलेल्या असतात. विकराला शिरकावच मिळत नाही. २०२० साली फ्रान्समध्ये दुसऱ्या एका विकरात फेरफार करून दहा तासांत ९० टक्के प्लॅस्टिक फोडून दाखवले; पण ते आधी वितळवून, बारीक दळून आणि ७२ अंशांवर. नदीला कोण आधण ठेवणार?

माझे काम या आधणापाशीच अडले आहे. विकरातला एकेक दुवा बदलायचा, कमी उष्णतेत ते चालते का पाहायचे. बहुतेक वेळा चालत नाही.

स्वच्छ बाटलीला भंगारवाला पैसे तरी देतो. विटलेल्या पॉलिएस्टर कापडाला कोण विचारतो? टेरिलीन म्हणून आजोबांनी मिरवले ते कापडही रासायनिक दृष्ट्या 'पेट'च! मला पुढे काम करायचे आहे ते या चिंध्यांवर. त्यांत सूत मिसळलेले, वर रंग, बटणे. प्रयोगशाळेतल्या शुद्ध भुकटीपेक्षा कितीतरी द्वाड प्रकरण.

औषधांच्या कंपनीत पगार बरा, असे बाबा म्हणतात. खोटे नाही ते. शिष्यवृत्तीची दोन वर्षे उरली आहेत. तोवर त्यांनी स्थळांप्रमाणेच नोकरीचा विषयही तहकूब ठेवला आहे. आईने मात्र परवा जुन्या साड्यांचे एक गाठोडे मुकाट्याने माझ्या खोलीत आणून ठेवले.