उंबरठ्याआतली चार हात जमीन

घराची परीक्षा दिवाणखान्यात होत नाही, दारातच होते. पावसाळ्यात गळती छत्री, चिखलाचे जोडे आणि ओली पिशवी घेऊन जो घरी येतो, त्याचे पहिले पाऊल पडते ते उंबरठ्याआतल्या चार हात जमिनीवर. हल्लीच्या फ्लॅटांतून ही जमीन गुळगुळीत टाइल्सची असते. दिसायला जणू आरसा. पण पाण्याचा एक ओघळ आला की घरातल्या आजींची तीच वैरीण! त्या वयात खुब्याचे हाड मोडले, तर पुष्कळदा पहिली चाल पुन्हा येत नाही.

फरशीच बदलावी म्हणाल, तर घर भाड्याचे आणि करार अकरा महिन्यांचा. तेव्हा तात्पुरती जमीन हाच उपाय. तो आपल्याला नवा मुळीच नाही. शेणामातीने सारवलेली ओटी ही तात्पुरती जमीनच होती. ती झिजणार, उकलणार, हे गृहीतच असे. म्हणून सणावाराला ती पुन्हा सारवली जाई. तिचा गुण टिकण्यात नव्हता, पुन्हा ताजी होण्यात होता. बाजारात जाताना हीच कसोटी बरोबर न्यावी. जे उचलता, धुता आणि वाळवता येते, तेच दारात घालावे.

दाराबाहेर काथ्याचे पायपुसणे उत्तम. नारळाच्या सोडणाचा हा राठ धागा चिखल खरवडून काढतो आणि ओलाव्याने लवकर कुजत नाही. दाराआत जाड सुती पायपुसणे पाणी टिपून घेते. दोन्ही रबरी पाठीची असावीत. नाही तर टाइलवरून पायपुसणेच पायाखालून निसटते. गोणपाट स्वस्त खरे, पण ते गोळा होते आणि पाय अडकतो.

१८६३ साली इंग्लंडात फ्रेडरिक वॉल्टन यांनी लिनोलियमचे पेटंट घेतले. ते जवसाच्या तेलाचे आणि बुचाच्या भुकटीचे. आज त्या नावाने आपल्या दुकानांत मिळते ते बहुधा पीव्हीसीचे. ते कात्रीने हवे तसे कापता येते. मात्र गोंदाने चिकटवू नये. फरशीवर डाग राहिले, की अनामत रकमेवरून घरमालकाशी वाद ठरलेला. शिवाय खाली ओल कोंडून कुबट वास येतो. एकमेकांत अडकणाऱ्या जाळीदार प्लॅस्टिकच्या चौकोनांत पाणी खाली उतरते, पाय कोरडा राहतो. पण पावसाळ्यात आठवड्यातून एकदा ते उचलून खालची जमीन पुसायलाच हवी.

एक गोष्ट खरेदीपूर्वी करावी. दार आत उघडत असेल, तर त्याखालून जाड पुठ्ठा सरकवून पाहावा. पुठ्ठा जिथे अडेल, त्याहून जाड वस्तू तिथे चालणार नाही. आणि कोणतेही आवरण घातले तरी त्याच्या कडा जमिनीला सपाट टेकल्या आहेत ना, हे पायाने चाचपून घ्यावे.

दिवाळीत पाहुणे येतील. त्यांनी आपला उंबरठा खुशाल झिजवावा. त्यांचे हातपाय मात्र शाबूत राहावेत!