भिंत रंगवण्याआधी ओल शोधा!

दिवाळीला लखनौच्या जानकीपुरम वसाहतीत मावशीकडे गेले, तेव्हा तिने फाटक डाव्या हाताने उघडले. उजवा हात प्लास्टरमध्ये होता.

"मागच्या दारची पायरी, दुसरे काय!" ती म्हणाली. "तुळशीला पाणी घालायला निघाले आणि शेवाळावरून पाय सटकला."

मागे जाऊन पाहिले. उत्तरेकडची बदामी भिंत गच्चीच्या कठड्यापासून खालपर्यंत काळ्या ओघळांनी भरली होती. पायऱ्यांवर हिरवट, बुळबुळीत थर होता. गेल्या दोन दिवाळ्यांना या भिंतीला दोनदा रंग देऊन झाला होता, आणि रंगारी तिसऱ्यांदा भाव सांगून गेला होता. "मेला रंगच हलका लावत असेल," मावशीचा तर्क. खरे तर दोष रंगाचा नव्हता.

काळे डाग कशाचे?

पावसाळ्यानंतर बाहेरच्या भिंती काळवंडतात तेव्हा आपण सरसकट 'बुरशी आली' म्हणतो. पण आपल्याकडे या काळ्या थरात बहुतेक वेळा नीलहरित शेवाळ असते. बुरशी त्याच्या जोडीला येते. उन्हापासून बचावासाठी या शेवाळावर गडद आवरण असते, म्हणून ते काळे दिसते. उन्हाळ्यात ते वाळते, पण मरत नाही. पहिल्या सरीबरोबर पुन्हा जागे होते. अशा थरावर नुसता रंग फासला, तर आतला जीव तसाच राहतो आणि पुढच्या पावसाळ्यात रंग फोडून वर येतो.

डाग शेवाळ-बुरशीचा की धूळ-धुराचा, हे घरीच ओळखता येते. डागावर ब्लीचचा एक थेंब टाका. एक-दोन मिनिटांत डाग फिका पडला तर तो शेवाळ-बुरशीचा. तसाच राहिला तर धुळीचा. भिंतीवर पांढरी भुकटी असेल आणि ती पाण्याने विरघळत असेल, तर तो लोणा. त्यावर ब्लीचचा उपयोग नाही. ओल थांबवणे हाच उपाय.

उत्तरेचीच भिंत का?

सप्टेंबरअखेरपासून मार्चपर्यंत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. या काळात उत्तरेच्या भिंतीवर थेट ऊन पडतच नाही. त्यात लखनौला डिसेंबर-जानेवारीत दाट धुके. पावसाळ्यात मुरलेली ओल वाळायला सवडच मिळत नाही. कोकणातल्या घरांची गोष्ट वेगळी नाही. तिथे धो धो पाऊस, पण जुन्या घरांना छपराची वळचण लांब असे. पागोळ्या भिंतीपासून दूर पडत, शिवाय पावसाच्या बाजूला नारळाचे झाप बांधले जात. आजच्या सपाट गच्चीच्या घरांना ही सावली नाही.

पाणी कुठून येते?

मावशीच्या घरी आम्ही ओघळांचा माग काढला. गच्चीवरच्या टाकीची मोटार बंद करायची राहिली की पाणी कठड्यावरून भिंतीवर वाहत होते. खिडकीतला कूलर एप्रिलपासून जूनपर्यंत भिंतीवर ठिबकत होता. कठड्याच्या माथ्यावर भेगा होत्या. आणि पायऱ्यांना खेटून ठेवलेल्या कुंड्यांचे पाणी रोज तिथेच मुरत होते.

तुम्हीही आधी एवढे तपासा: टाकी, कूलर किंवा एसीचे पाणी, पावसाळी पाइपचे सांधे, कठड्याचा माथा, छज्जाची कड आणि भिंतीला टेकलेल्या वेली-कुंड्या. पाण्याची वाट बंद झाली की निम्मे काम झाले.

धुण्याची रीत

कोरडी भिंत घासू नका. बुरशीचे सूक्ष्म कण हवेत उडतात, आणि दम्याच्या रुग्णांना ते बाधतात. ओल भिंतीतून आत उतरली तर धोका वाढतो. घरातील ओल-बुरशी आणि श्वसनाचे विकार यांचा संबंध जागतिक आरोग्य संघटनेने २००९ सालच्या मार्गदर्शिकेत स्पष्ट केला आहे.

भिंत आधी पाण्याने भिजवा आणि नायलॉनच्या ब्रशने घासा. तारेचा ब्रश नको. त्याने गिलावा खरवडला जातो आणि त्या ओरखड्यांत शेवाळ आणखी घट्ट बसते. मग एक भाग घरगुती ब्लीच व चार भाग पाणी असे मिश्रण लावून दहा-पंधरा मिनिटे ठेवा. ते भिंतीवर वाळू देऊ नका. नंतर भरपूर पाण्याने धुवा. हातमोजे व चष्मा घाला, जवळची झाडे आधी पाण्याने भिजवा, बाहेरच्या दिव्यांची वीज बंद करा. ब्लीचमध्ये अॅसिड किंवा संडास धुण्याचे औषध कधीही मिसळू नका. त्यातून विषारी वायू निघतो. शिडी लागेल एवढ्या उंचीचे काम जाणत्या माणसाकडेच सोपवा.

चुना आणि मोरचूद

आजोबांच्या काळी चुन्याच्या सफेदीत थोडे मोरचूद घालत. त्यामागे शास्त्र होते. चुना आणि मोरचूद मिळून होते ते बोर्डो मिश्रण. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फ्रान्समधल्या द्राक्षबागांत केवडा रोगावर ते वापरात आले, आणि नाशिककडच्या द्राक्ष बागायतदारांच्याही ते परिचयाचे आहे. आवाराच्या भिंतीला अशी सफेदी स्वस्त पडते. मात्र मोरचूद विषारी आहे. मुलांपासून दूर ठेवा.

रंग केव्हा द्यावा?

धुतलेली भिंत काही दिवस कोरड्या हवेत वाळू द्या. नवा सिमेंट गिलावा केला असेल तर सुमारे चार आठवडे थांबा. मग बाहेरच्या भिंतींसाठीचा, शेवाळ-बुरशीरोधक रंग घ्या. पण त्यातले औषध पावसाने हळूहळू धुऊन जाते, म्हणून ओल थांबवल्याशिवाय तोही टिकत नाही. लखनौसारख्या ठिकाणी पाऊस संपल्यापासून धुके पडेपर्यंत, किंवा थेट फेब्रुवारी-मार्चमध्ये रंग देणे चांगले.

मावशीने त्या दिवाळीला रंगाऱ्याला परत पाठवले. रंगाच्या पैशांतून आधी टाकीला फ्लोट व्हॉल्व बसवला, कठड्याच्या भेगा भरल्या, कूलरला नळी लावली. पायऱ्या घासून घेतल्या आणि कुंड्या दूर हलवल्या. भिंत मार्चमध्ये रंगवली.

पुढचा पावसाळा सरला तेव्हा तिचा फोन आला. मी भिंतीची चौकशी केली.

"भिंत आहे तशीच बदामी आहे गं," ती म्हणाली. "पण ते राहू दे. आज या हाताने भरलेली कळशी उचलून तुळशीला पाणी घातले!"