विधी पेढीतील आंतरवासिता

विधी पेढीतील आंतरवासिता म्हणजे कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याने वकिलांच्या व्यावसायिक पेढीत, तेथील वकिलांच्या देखरेखीखाली, ठरावीक मुदतीसाठी केलेले प्रशिक्षणात्मक काम होय. बोलभाषेत अशा पेढीला 'लॉ फर्म' आणि आंतरवासितेला 'इंटर्नशिप' म्हणतात. भारतात आंतरवासिता हा विधी पदवीचा अनिवार्य भाग आहे; ती कोठे करावयाची हे मात्र बहुतांशी विद्यार्थ्याने ठरवावयाचे असते. त्यामुळे नियम सर्वांना सारखाच असला, तरी मुंबईतील विद्यार्थी आणि सातारा-सांगली जिल्ह्यांतील माणदेशासारख्या भागातून आलेला विद्यार्थी यांना मिळणारी संधी सारखी राहत नाही.

नियम

भारतीय विधिज्ञ परिषदेच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे आंतरवासिता पूर्ण करावी लागते. ती वकील, न्यायव्यवस्था, स्वयंसेवी संस्था, नियामक प्राधिकरणे, विधिमंडळ, कंपन्या, विधी पेढ्या किंवा स्थानिक स्वराज्य संस्था यांच्याकडे करता येते. कोणत्याही वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा अधिक काळ ती करता येत नाही. संपूर्ण शिक्षणकाळात एकदा तरी सत्र न्यायालयात व अपील न्यायालयात काम करणाऱ्या वकिलांकडे अनुभव घेणे बंधनकारक आहे. केवळ पेढ्यांमध्ये काम करून ही अट पूर्ण होत नाही.

आंतरवासितेची दैनंदिनी लिहावी लागते व तिचे मूल्यमापन होते. अभिरूप न्यायालय, एका दिवाणी व एका फौजदारी खटल्याचे निरीक्षण आणि पक्षकारांच्या मुलाखती यांसह ती प्रात्यक्षिक परीक्षेचा भाग असते.

आंतरवासिता आणि वकिलीची सनद या भिन्न गोष्टी आहेत. सनद देण्यापूर्वी एक वर्षाचे प्रशिक्षण सक्तीचे करणारे परिषदेचे १९९५ चे नियम सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली रद्द केले. पुढे अखिल भारतीय वकील परीक्षा सुरू झाली आणि २०२३ साली घटनापीठाने ती वैध ठरवली. कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशपदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली पुन्हा लागू केली. हा काळ तात्पुरत्या नोंदणीपासून मोजला जात असल्याने विद्यार्थिदशेतील आंतरवासिता त्यात धरली जात नाही.

इतिहास

मुंबईत सॉलिसिटर पेढ्यांची परंपरा एकोणिसाव्या शतकापासूनची आहे. क्रॉफर्ड बेली ही पेढी १८३० साली स्थापन झाली. उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत पक्षकाराचे काम सॉलिसिटर तयार करीत व न्यायालयात बाजू बॅरिस्टर किंवा ॲडव्होकेट मांडीत. सॉलिसिटर होण्यासाठी उमेदवाराला अनुभवी सॉलिसिटरच्या हाताखाली 'आर्टिकल्ड क्लार्क' म्हणून उमेदवारी करावी लागे. मुंबई राज्याचे पहिले मुख्यमंत्री बाळ गंगाधर खेर हे पेशाने सॉलिसिटर होते.

वकील अधिनियमातील १९७६ च्या दुरुस्तीने ही दुहेरी पद्धत संपली. तथापि बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची सॉलिसिटर परीक्षा आजही होते व तिच्यासाठी तीन वर्षांची उमेदवारी करावी लागते. इंग्लंडमध्ये याच परंपरेतून दोन वर्षांच्या 'प्रशिक्षण करारा'ची पद्धत रूढ झाली. तेथे २०२१ पासून नवी सॉलिसिटर परीक्षा लागू झाली असून तिच्यासोबत दोन वर्षांचा पात्र कार्यानुभव आवश्यक आहे. लंडनमधील काही मोठ्या पेढ्या भारतातील राष्ट्रीय विधी विद्यापीठांमधूनही प्रशिक्षणार्थी निवडतात.

पेढीतील काम

वाणिज्यविषयक पेढ्या कंपन्यांचे विलीनीकरण व अधिग्रहण, बँकांची कर्जे, दिवाळखोरी, स्पर्धा कायदा, लवाद, स्थावर मालमत्ता अशा विषयांत काम करतात. आंतरवासी विद्यार्थ्याकडे सहसा न्यायनिवाडे शोधणे, एखाद्या कायदेशीर प्रश्नावर टिपण लिहिणे, करारांची कलमे तपासणे, तारखांची यादी करणे आणि मोठ्या व्यवहारातील कागदपत्रांची छाननी ही कामे सोपवली जातात. पक्षकाराविषयी कळलेली माहिती गोपनीय ठेवणे ही प्रत्येक कामातील पहिली अट असते. दैनंदिनी लिहितानाही पक्षकाराचे नाव व व्यवहाराचा तपशील टाळावा लागतो.

अर्जाची पद्धत

मोठ्या पेढ्या आपल्या संकेतस्थळावरून किंवा महाविद्यालयांच्या नियुक्ती समित्यांमार्फत अर्ज घेतात. लहान पेढ्यांकडे ई-मेलने थेट अर्ज करता येतो. मे-जून व डिसेंबरच्या सुट्ट्यांमधील जागांना मागणी अधिक असल्याने अर्ज काही महिने आधी पाठवावा लागतो. परीक्षा संपल्यावर अर्ज करू लागलेल्या विद्यार्थ्यास त्या सुट्टीत जागा मिळणे अवघड असते.

अर्जात साधारणतः एक-दोन पानांचा परिचय आणि एक छोटे पत्र असते. परिचयात शिक्षण, गुण, यापूर्वीची आंतरवासिता, अभिरूप न्यायालयातील सहभाग आणि प्रकाशित लेखन यांचा उल्लेख करतात. कोणत्या तारखांना, कोणत्या शहरातील कार्यालयात व कोणत्या विभागात काम करावयाचे आहे, हे पत्रात स्पष्ट लिहावे लागते. एकच मजकूर पन्नास पेढ्यांना पाठवण्यापेक्षा पेढीचे काम वाचून लिहिलेले पत्र अधिक उपयोगी ठरते. न केलेले काम केल्याचे लिहिणे धोक्याचे असते, कारण मुलाखतीत प्रश्न बहुधा परिचयातील नोंदींवरच विचारले जातात. काही पेढ्या लेखनाचा नमुनाही मागतात.

शेवटच्या दोन वर्षांतील आंतरवासितेला विशेष महत्त्व असते. या काळात काही पेढ्या विद्यार्थ्याच्या कामाचे मूल्यमापन करून पदवीपूर्वीच नोकरीचा प्रस्ताव देतात. त्यामुळे अशा विद्यार्थ्यांच्या बाबतीत चार आठवड्यांची आंतरवासिता हीच प्रत्यक्षात नोकरीची परीक्षा ठरते.

माणदेशातील विद्यार्थी

माणगंगेच्या खोऱ्यातील माण, आटपाडी व लगतचा प्रदेश माणदेश म्हणून ओळखला जातो. हा पर्जन्यछायेतील भाग असून दुष्काळ व स्थलांतर हा त्याच्या इतिहासाचा भाग आहे. माण तालुक्याचे मुख्यालय दहिवडी येथे आहे. येथील विद्यार्थ्याला कायद्याच्या शिक्षणासाठी सहसा तालुक्याबाहेर जावे लागते. साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेचे इस्माईलसाहेब मुल्ला विधी महाविद्यालय आहे. सांगली, कोल्हापूर व पुणे येथेही विधी महाविद्यालये आहेत. पुण्याचे आयएलएस विधी महाविद्यालय १९२४ चे, तर मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय १८५५ चे आहे.

मोठ्या वाणिज्यविषयक पेढ्यांची कार्यालये मात्र प्रामुख्याने मुंबई, दिल्ली व बंगळूर येथे आहेत आणि त्या निवडीसाठी राष्ट्रीय विधी विद्यापीठे व महानगरांतील जुन्या महाविद्यालयांकडे अधिक वळतात. जिल्ह्याच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यापुढे त्यामुळे तीन अडचणी येतात. अर्जाचे वेळापत्रक वेळेवर कळत नाही. ओळखीचा वकील पेढीत नसतो. महिनाभर मुंबईत राहण्याचा व लोकलच्या प्रवासाचा खर्च विद्यावेतनातून भागेलच असे नसते. विधी शिक्षण नियमांत विद्यावेतनाची किमान रक्कम ठरवलेली नाही आणि अनेक ठिकाणी ते दिलेही जात नाही. सोने-चांदीच्या गलाई व्यवसायामुळे माणदेश-खानापूर भागातील कुटुंबे देशभरच्या शहरांत पसरलेली आहेत. ज्यांचे नातलग मुंबईत आहेत, त्यांचा राहण्याचा प्रश्न सुटतो. इतरांचा तसाच राहतो.

या विद्यार्थ्यांकडे काही जमेच्या बाजूही असतात. महाराष्ट्रातील जमिनीचे व्यवहार तपासताना सातबारा, आठ-अ, फेरफार नोंदी आणि खरेदीखताची सूची क्रमांक दोन वाचावी लागते. मालकीहक्काचा 'सर्च रिपोर्ट' सामान्यतः मागील ३० वर्षांचा तयार करतात. औद्योगिक वसाहती, पवनचक्क्या व सौर प्रकल्पांसाठी जमीन घेताना हेच काम पेढ्यांकडे येते. फेरफारातील वारसनोंद, इतर हक्कांत दाखल असलेला बोजा किंवा कूळकायद्याचा शेरा यांचा अर्थ ज्याला घरच्या शेतीच्या कागदांवरून ठाऊक आहे, त्याला या कामात लवकर गती येते. अर्जात हे कौशल्य नेमक्या शब्दांत नोंदवता येते. प्रत्यक्षात ते घरगुती समजून बहुधा वगळले जाते. याउलट पेढीचे कामकाज इंग्रजीत चालते. तालुका न्यायालयातील मराठी कामकाजाची सवय असलेल्यास इंग्रजी मसुदालेखनाची तयारी आधीपासून करावी लागते.

मुंबईखेरीज अन्य पर्यायही आहेत. दहिवडी व आटपाडी येथील न्यायालयांत वकिली करणारे वकील, साताऱ्याचे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि पुण्यातील मध्यम आकाराच्या पेढ्या यांच्याकडे सुरुवातीची आंतरवासिता करता येते. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ कोल्हापूर येथे सुरू झाले. सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. त्यामुळे उच्च न्यायालयातील वकिलांकडे अनुभव घेण्यासाठी या जिल्ह्यांतील विद्यार्थ्याला मुंबईलाच जाण्याची गरज उरलेली नाही.

संरक्षण व मर्यादा

कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या अधिनियमात 'कर्मचारी' या संज्ञेत प्रशिक्षणार्थींचाही समावेश आहे. विद्यावेतन मिळत नसले, तरी आंतरवासी विद्यार्थिनीला पेढीच्या अंतर्गत समितीकडे तक्रार करता येते.

आंतरवासितेच्या पद्धतीवर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की काही ठिकाणी काम न करताच प्रमाणपत्र दिले जाते आणि त्यामुळे नियमाचा हेतू विफल होतो. दुसरा असा की विनावेतन काम ज्याला परवडते त्याचाच परिचय भरगच्च होतो आणि पुढील निवडीत तोच परिचय गुणवत्ता म्हणून मोजला जातो. राहण्याची सोय, प्रवासखर्च आणि अर्जाच्या तारखा प्रथम वर्षापासून विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचवणे, हे या विषमतेवर सुचवले जाणारे उपाय आहेत. यांपैकी तारखा कळवण्याचे काम कोणतेही महाविद्यालय फारशा खर्चाविना करू शकते.