पित्ताशय काढल्यावर उरणारे पित्ताशय

पित्ताशय काढलेला रुग्ण चिनी वैद्याकडे येतो तेव्हा तक्रारी बहुधा त्याच असतात: उजव्या बरगडीखाली दाटून येणे, तेलकट खाल्ले की पातळ शौचाला होणे, सकाळी तोंड कडू होणे. वैद्य आधी जीभ पाहतो. थर पिवळा आणि चिकट असेल तर तो आत ओलावा आणि उष्णता साचल्याची खूण मानतो. जीभ फिकट, सुजलेली आणि कडांवर दातांचे वळ असतील तर प्लीहा दुबळी ठरते. मग मनगटावर तीन बोटे ठेवून नाडी. ती धनुष्याच्या दोरीसारखी ताणलेली लागली की रोख यकृताकडे वळतो. झोप, घाम, तहान, चिडचिड यांचीही चौकशी होते. परिणामी एकच शस्त्रक्रिया झालेले दोन रुग्ण वेगवेगळे काढे घेऊन बाहेर पडतात आणि सुया मात्र दोघांनाही गुडघ्याखाली, पायाच्या बाहेरच्या बाजूला, यांगलिंगछ्वान या बिंदूवर टोचल्या जाऊ शकतात.

जो अवयवच उरला नाही त्यावर उपचार कसला, ही शंका रास्त आहे. चिनी वैद्यकाचे उत्तर असे की पित्ताशय म्हणजे केवळ पिशवी नव्हे. ‘ह्वांगदी नेइजिंग’ या प्राचीन ग्रंथात निर्णयशक्तीही त्याच्याकडे सोपवली आहे, आणि त्याची वाहिनी डोळ्याच्या कोपऱ्यापासून पायाच्या चौथ्या बोटापर्यंत जाते. शस्त्र तिला लागत नाही. (आपल्याकडच्या वाचकाने इथे पित्तदोष आठवू नये, ही मांडणी वेगळी आहे.) यकृताचा प्रवाह अडला की ते प्लीहेवर चढाई करते आणि पचन बिघडते, असे वैद्य म्हणतो. आधुनिक शरीरशास्त्र सांगते की यकृत रोज अर्धा ते एक लिटर पित्तरस बनवते, पित्ताशय त्यातला थोडा साठवून घट्ट करते. ते गेल्यावर रस सतत आतड्यात झिरपतो आणि पित्ताम्ले मोठ्या आतड्यात जास्त पोचली की जुलाब होतात. लक्षणांचे वर्णन दोन्हीकडे जुळते, कारण मात्र जुळत नाही. आणि अवयव काढूनही ज्या सिद्धांताला धक्का बसत नाही, त्याला धक्का देणारे निरीक्षण कोणते असेल? म्हणून रुग्णांची ही वर्गवारी मी निरीक्षण म्हणून मोलाची मानतो, पुरावा म्हणून नाही.

“पण आराम पडतो ना?” असे कोणी विचारेल. पडतो, पण अमेरिकेतल्या २०१४ सालच्या एका चाचणीकडे पाहा. पित्ताशय काढल्यावरही पोट दुखणाऱ्या रुग्णांपैकी काहींच्या पित्तनलिकेच्या तोंडाचा स्नायू कापला, काहींवर तसे केल्याचे फक्त भासवले. वर्षाने कापलेल्यांपैकी २३ टक्क्यांना आराम होता, भासवलेल्यांपैकी ३७ टक्क्यांना! हे दुखणे आपोआपही कमीजास्त होते, तेव्हा नुसत्या आरामाचे श्रेय ना सुईला देता येते, ना शस्त्राला. वनौषधी निरुपद्रवी असतात हा समजही तितकाच कच्चा आहे. छायहू ही वनौषधी घातलेला एक जुना चिनी काढा जपानमध्ये शोसाइकोतो या नावाने सर्रास दिला जाई. फुप्फुसाच्या दाहाने १० रुग्ण दगावल्यावर १९९६ साली तिथल्या आरोग्य मंत्रालयाला इशारा द्यावा लागला. आणि नलिकेत खडा राहिला असेल तर तो जिभेवर दिसत नाही. ताप, कावीळ, गडद लघवी असेल तर आधी सोनोग्राफी आणि रक्ततपासणी. नुसते जुलाब असतील तर पित्ताम्ले बांधून ठेवणारी कोलेस्टिरामिनची पूड आहे. चीनमधल्या पारंपरिक वैद्यकाच्या मोठ्या रुग्णालयांतही सोनोग्राफीचे यंत्र असतेच. तपासण्या स्वच्छ निघूनही ज्याला रोज त्रास होतो, त्याच्याशी झोपेपासून रागापर्यंत सविस्तर बोलायला मात्र तिथल्या वैद्याकडे जास्त प्रश्न असतात.