कापडी दरवाज्याची जीप आणि बेळगावचे ऋतू

बेळगावच्या कॅम्पात कापडी टपाची जीप दिसली म्हणून कुणी मान वळवून बघत नाही. १८३२ साली ही छावणी वसली, १९२२ पासून मराठा लाइट इन्फन्ट्रीचं रेजिमेंटल सेंटर इथं आहे. फौजेतून निवृत्त झालेली माणसं जशी या भागात घर करून राहिली, तशा फौजेतून निवृत्त झालेल्या गाड्याही राहिल्या. लिलावातून आलेली जीप, जबलपूरच्या कारखान्यात बनलेली जोंगा, हिरवा रंग खरवडून पांढरी केलेली जिप्सी, आणि आता तरुण पोरांच्या थार. अशी गाडी घेणारा पहिला प्रश्न इंजिनाचा विचारतो, दुसरा टायरचा. दरवाज्याचा प्रश्न त्याला पहिल्या जून महिन्यात पडतो.

हा लेख त्या प्रश्नासाठी आहे.

दरवाजा म्हणायचा तो हा

१९४१ पासून अमेरिकन सैन्यासाठी बनलेल्या विलीज जीपला मुळात दरवाजेच नव्हते. जिथून चढायचं तिथं एक रुंद पट्टा आडवा अडकवायचा, बस. सैनिकाला चटकन उडी मारता आली पाहिजे, गाडी हलकी राहिली पाहिजे, हा त्यामागचा हिशेब. थंडी-पावसासाठी कॅनव्हासचे पडदे आले, पुढे त्यांना चौकट मिळाली आणि तोच दरवाजा झाला. महिंद्रांनी १९४९ मध्ये मुंबईत माझगावला विलीजच्या जीपगाड्या जोडायला सुरुवात केली, तेव्हापासून ही रचना आपल्याकडे रुळली.

कापडी दरवाज्यात भाग मोजकेच. वाकवलेल्या लोखंडी पाइपची चौकट, तिच्यावर ताणून शिवलेलं कापड, वरच्या अर्ध्यात पारदर्शक प्लॅस्टिकची खिडकी, ती उघडायला चेन, कडेला टिचबटणं किंवा वेल्क्रो. चौकटीला पुढच्या बाजूनं दोन पिना असतात. त्या गाडीच्या अंगावरच्या बिजागऱ्यांत वरून सोडायच्या. काढायचा असेल तर दरवाजा उघडून सरळ वर उचलायचा. पाना लागत नाही, दुसरा माणूस लागत नाही.

सगळ्याच गाड्यांत असं नसतं. १९८५ साली आलेल्या मारुती जिप्सीच्या कापडी टपाच्या गाडीला खालचा अर्धा दरवाजा लोखंडी आणि वरचा भाग कापडी, तोच काढता येतो. २०१० च्या थारला कापडी टप होता, म्हणून बऱ्याच मालकांनी बाहेरून लोखंडी दरवाजे आणि पक्कं छप्पर बसवून घेतलं. २०२० च्या थारला कापडी टपाचा पर्याय आला, पण दरवाजे पत्र्याचेच. पुण्याजवळ रांजणगावला २०२१ पासून जोडल्या जाणाऱ्या रँग्लरचे लोखंडी दरवाजेसुद्धा काढता येतात, पण ते काढायला हत्यारं लागतात आणि उचलायला दंडात बळ लागतं. जुन्या जीपच्या कापडी दरवाज्याचं खरं सुख त्याच्या वजनात आहे: एका हातानं उचलला, पडवीत टेकवला.

कापड, खिडकी आणि दोरा

दरवाजा नवा करून घ्यायची वेळ आली की कुशनवाला तीन नमुने पुढे टाकतो. सुती कॅनव्हास, म्हणजे ताडपत्रीचं कापड, श्वास घेतं, दिसायला अस्सल, पण ओलं झालं की जड होतं आणि वाळायला वेळ लावतं. साधं रेग्झीन स्वस्त, पहिल्या वर्षी चकचकीत, पुढे उन्हानं कडक होऊन घडीवर तडकतं. तिसरं, पॉलिएस्टरच्या विणीवर पीव्हीसीचा थर दिलेलं जाड कापड, ट्रकवर घालतात त्या जातीचं. आपल्या भागात, जिथं चार महिने पाऊस आणि उरलेलं वर्ष ऊन-धूळ, मी डोळे मिटून तिसरं घ्या म्हणेन. अस्सलपणाची हौस असेल तर टप कॅनव्हासचा ठेवा, दरवाजे नको.

दोऱ्याकडे कुणी बघत नाही आणि पाणी तिथूनच येतं. सुईनं पाडलेलं प्रत्येक भोक ही एक बारीक खिडकी असते. सुती दोरा भिजला की फुगतो आणि ते भोक बुजवतो, पण कालांतरानं कुजतो. निव्वळ पॉलिएस्टरचा दोरा टिकतो, मात्र फुगत नाही. म्हणून तंबूवाले पॉलिएस्टरच्या गाभ्यावर सुताचं वेष्टण असलेला दोरा वापरतात. तो नाही मिळाला तर पॉलिएस्टरनंच शिवून आतल्या बाजूनं शिवणीवर रबरी सोल्युशनचा हात फिरवून घ्या.

खिडकीचं प्लॅस्टिक म्हणजे पीव्हीसीच, त्याला लवचिक ठेवणारं द्रव्य मिसळलेलं. उन्हात ते द्रव्य हळूहळू उडून जातं. खिडकी पिवळी पडते, मग ठिसूळ होते. रॉकेल, पेट्रोल, थिनर यांनी पुसली तर हेच काम झटपट होतं. आधी पाणी ओतून धूळ वाहू द्यावी, मग सौम्य साबण, मग जुन्या धोतराचं मऊ कापड. कोरड्या फडक्यानं पुसलेली खिडकी पुढच्याच रात्री समोरच्या ट्रकच्या दिव्यांत पांढरी फटक दिसते. अशा खिडकीतून बाजूचा आरसा वाचता येत नाही, आणि ही तक्रार दिसण्यापुरती नाही.

वळवाचे दोन महिने

एप्रिल-मे म्हणजे दरवाजे काढून ठेवायचे दिवस. सकाळी कॅम्पातल्या झाडांखालून, खानापूर रोडनं, उघड्या गाडीतून जाण्यात जे सुख आहे, त्यासाठीच तर हा सगळा खटाटोप. पण हेच दिवस वळवाचे. दुपारी तीनपर्यंत आभाळ कोरं, साडेचारला वारा, धूळ, विजा आणि कधी गारासुद्धा. दरवाजे घरी, गाडी बाजारात, आणि सीट भिजलेली: या भागातल्या जीपवाल्याला हा अनुभव नवा नाही.

उपाय दोन. एक, सीटवर रेग्झीनचं कव्हर आणि खाली गालिच्याऐवजी रबरी मॅट. जुन्या जीपच्या तळाला पाणी जायला भोकं असतात, त्यांना बुचं असतात. या दिवसांत बुचं काढून ठेवा आणि भोकांत चिखल बसला नाही ना ते काडी घालून बघा. दुसरा, मागच्या सीटखाली सहा बाय आठ फुटांची एक हलकी ताडपत्री आणि चार रबरी हूक. दरवाज्यांचं काम ती करत नाही, पण गाडी उभी असताना पुढच्या सीटा आणि डॅशबोर्ड झाकते. तेवढंच वळवाला पुरतं.

पावसाळा

बेळगाव शहरात वर्षाला साधारण १,३०० मिलिमीटर पाऊस. शिनोळी, पाटणे फाटा करत आंबोली गाठली की हाच आकडा ७,००० च्या आसपास जातो. जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ल्याच्या घाटात उतरलात तरी तीच कथा. म्हणजे कॅम्पात जो दरवाजा कोरडा वाटतो, तो दीड-दोन तासांत वेगळ्याच परीक्षेला बसतो.

पाणी तीन ठिकाणांहून येतं. पहिलं, काचेची चौकट आणि दरवाजा जिथं मिळतात तिथून. ते थेट चालवणाऱ्याच्या उजव्या गुडघ्यावर पडतं, आणि जुन्या गाड्यांत तिथंच जवळपास फ्यूज आणि वायरी असतात. या सांध्यात जाड फोमची पट्टी आणि तिच्यावरून कापडाची झडप हवी. दुसरं, दरवाज्याच्या वरच्या मागच्या कोपऱ्यातून. गाडीनं वेग घेतला की बाहेरून वाहणाऱ्या वाऱ्यानं दरवाज्याचा वरचा भाग बाहेर ओढला जातो आणि बोटभर फट पडते. थांबलेल्या गाडीवर पाइपनं पाणी मारून ही गळती सापडत नाही. मालक चक्रावतो, कुशनवाला म्हणतो गळत नाही, दोघंही खरं बोलत असतात. तिथं आतून ओढून धरणारा एक पट्टा लावायचा. तिसरं पाणी खालून येतं. दरवाज्याची खालची कड पत्र्याच्या आत गेली तर वरून ओघळणारं सगळं पाणी गाडीत. वरच्या थराची कड खालच्या थरावर बाहेरूनच यायला हवी, कौलं रचतात तशी. नवा दरवाजा ताब्यात घेताना एवढी एक गोष्ट बघितली तरी निम्मं काम झालं.

आणि मग धुकं. आंबोलीत बाहेर धुकं असतं, कापडी गाडीत आतही असतं. चार माणसांचा श्वास, ओले कपडे, एसी नाही. खिडक्या घट्ट बंद केल्या की पाच मिनिटांत काच आंधळी. जिकडून पाऊस झोडपतोय त्याच्या विरुद्ध बाजूची चेन दोन बोटं उघडी ठेवा, मागची झडप थोडी सैल करा. हवा खेळती राहिली की काच निवळते. थोडं भिजाल. कापडी दरवाज्यानं शिंतोडे अडवायचे असतात, कोरडं ठेवण्याचा शब्द त्यानं कधी दिलेला नाही.

पावसाळ्यात चेन अडकते ती गंजानं नव्हे, चिखलाच्या बारीक कणांनी. जुना टूथब्रश आणि पाणी, मग वाळल्यावर मेणबत्तीचा तुकडा दातांवरून घासायचा. तेल लावू नका, तेल धूळ धरतं.

थंडी, धूळ आणि निपाणीची वाट

हिवाळ्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. डिसेंबरच्या पहाटे खिडकीचं प्लॅस्टिक कडक झालेलं असतं, तेव्हा ते गुंडाळू नका, ऊन लागेपर्यंत थांबा. निपाणीकडे महामार्गानं जाताना, तवंदीच्या घाटात उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकलात की धूळ, पाचटाचे तुकडे आणि डिझेलचा धूर तिन्ही आत येतात. ताशी साठच्या पुढे कापड फडफडतं आणि शेजारच्याशी बोलायला ओरडावं लागतं. लांबच्या महामार्गी प्रवासाला ही गाडी नव्हे, हे एकदा मान्य केलं की भांडण मिटतं.

कुलूप नाही

कापडी दरवाज्याला कुलूप लावता येत नाही, आणि लावू पण नये. लावलं तर चोर ब्लेड चालवतो. सामान जातं ते जातंच, वर नवा दरवाजा शिवावा लागतो. त्यापेक्षा गाडीत काही ठेवायचंच नाही. मागच्या सीटखाली जमिनीला बोल्टनं जखडलेली लोखंडी पेटी करून घ्या. कागदपत्रं, जॅक, पाने तिच्यात. जुन्या फौजी गाड्या किल्लीविना, नुसत्या बटणावर सुरू होतात, त्यांना लपवलेला बॅटरी कट-ऑफ हवाच. वाहन विम्याच्या साध्या पॉलिसीत गाडीतलं वैयक्तिक सामान धरलेलं नसतं, हेही ध्यानात असू द्या.

पट्टा, आरसा, कागद

कापडी दरवाजा अपघातात काहीही थोपवत नाही. बाजूनं धडक बसली तर तो असून नसल्यासारखा, गाडी कलंडली तर माणूस त्यातून बाहेर फेकला जातो. म्हणून सीटबेल्ट. जुन्या जीपला तो नसेल तर चांगल्या जाडीच्या पत्र्याला मागून लोखंडी पट्टी देऊन बसवून घ्या, आणि डोक्यावर रोल केज असेल तर उत्तम. मागच्या आडव्या बाकांवर मुलांना बसवून दरवाजे काढून फिरणारे लोक रविवारी दिसतात. हा शौक नव्हे, बेफिकिरी आहे.

आरसे कुठं लावलेत ते बघा. काचेच्या चौकटीवर असतील तर दरवाजे काढले तरी राहतात. दरवाज्यावर असतील तर दरवाज्याबरोबर तेही घरी राहतात, आणि तुम्ही मागचं न बघता चालवता.

इथली गाडी एका दिवसात तीन राज्यं बघते. बेळगावची केए-२२, चिकोडी-निपाणीकडची केए-२३, सकाळी निघून दुपारी महाराष्ट्र, संध्याकाळी गोवा. तीन ठिकाणचे पोलीस, तीन नजरा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणी प्रमाणपत्रातल्या तपशिलाला छेद देणारे बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते ठासून सांगितलं. कापडी टप काढून पक्कं छप्पर आणि लोखंडी दरवाजे बसवायचे मनात असेल तर कारागिराकडे जाण्याआधी आरटीओत विचारा. गॅरेजमधलं ‘काय होत नाय हो, सगळे लावतेत’ हे कागद नव्हे.

काढलेले दरवाजे कुठं ठेवाल

बहुतेक दरवाजे गाडीवर नव्हे, घरात खराब होतात. ओले काढून एकावर एक आडवे रचले की दोन आठवड्यांत बुरशी, आणि वरच्याच्या टिचबटणाचे खालच्याच्या खिडकीवर कायमचे वळ. दरवाजे आधी पूर्ण वाळवा, पण कडक उन्हात नाही, पडवीत. मग भिंतीला दोन खुंट्या मारून उभे टांगा, मध्ये जुनी चादर. उंदरांची वर्दळ असेल त्या खोलीत नको.

पाइपच्या चौकटीला आतून गंज धरतो, कारण शिवणीतून शिरलेलं पाणी खालच्या वाकणात साचतं. तिथं एक बारीक भोक पाडून घ्या. पिनांना ग्रीस, आणि उजवा-डावा दरवाजा ओळखायला आतून खडूची नव्हे, रंगाची खूण.

घ्यावी का

घरी दुसरी बंद गाडी असेल, जुन्या बैठ्या घरासारखी पडवी किंवा शेड असेल, आणि सुईदोरा हातात धरायची लाज नसेल तर जरूर घ्या. फ्लॅटमध्ये राहत असाल, गाडी रात्री रस्त्यावर लागत असेल आणि रोज ऑफिसला तीच न्यायची असेल, तर पत्र्याच्या दरवाज्याची गाडी बघा. घेतलीतच तर नवे दरवाजे शिवायला मार्चमध्येच टाका. मेअखेरीला कुशनवाल्याकडे शाळेच्या व्हॅन आणि रिक्षांचे टप रांगेत असतात आणि तुमचा नंबर आषाढात लागतो.