घाट जिंकला, ऑलिंपिक राहिले

सायकल आणि ऑलिंपिक यांचे नाते अगदी पहिल्यापासूनचे. १८९६ मध्ये अथेन्सला आधुनिक ऑलिंपिक भरले, तेव्हाच सायकलच्या सहा शर्यती झाल्या. त्यातली एक अथेन्सहून मॅरेथॉन गावापर्यंत आणि परत, अशी ८७ किलोमीटरची. ती ग्रीसच्या कॉन्स्टन्टिनिडिसने जिंकली.

ऑलिंपिकच्या या मांडवात आपण पोहोचलो ५२ वर्षांनी. त्याआधी १९३८ मध्ये लाहोरचे जानकीदास सिडनीच्या एम्पायर गेम्समध्ये उतरले होते. हिंदी चित्रपटांतला हा ओळखीचा चरित्र अभिनेता एके काळी देशाचा सायकलपटू होता, हे सांगूनही खरे वाटत नाही! १९४८ मध्ये लंडनला मात्र स्वतंत्र भारताचा संघच गेला. रोहिंटन नोबल, जहांगू अमीन, बापू माल्कम... नावे वाचतानाच मुंबईतल्या पारशी वस्त्या डोळ्यांपुढे येतात.

मी रायगडच्या किनारपट्टीवरचा. आमच्या लहानपणी जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. आमच्याकडे सायकल म्हणजे पोस्टमन, पाववाला आणि शाळेतले मास्तर. शर्यतीची सायकल दिसायची ती मुंबई-पुणे स्पर्धेत. १९४५ मध्ये सुरू झालेली ही स्पर्धा पनवेल, खोपोली अशी आमच्याच जिल्ह्यातून जाते. खोपोली सोडली की बोरघाट सुरू होतो आणि खंडाळ्यापर्यंत सुमारे पाचशे मीटरची चढण छातीवर येते. जो सर्वांत आधी वर पोहोचेल, तो ‘घाटाचा राजा’. हा किताब आमच्याकडे अंतिम विजेतेपदाइतकाच मानाचा!

मग प्रश्न पडतो, की असा घाट पायाखाली घालणारे आपण आंतरराष्ट्रीय मैदानात मागे का? मला वाटते, उत्तर रस्त्यात नाही, ट्रॅकमध्ये आहे. या स्पर्धांतल्या बऱ्याच शर्यती वळणावर उताणी उचललेल्या गोल ट्रॅकवर होतात. तिथल्या सायकलला ब्रेक नसतो, गिअर नसतो. सांघिक शर्यतीत चौघे एकमेकांच्या चाकाला चाक लावून ४००० मीटर धावतात आणि वारा अंगावर घेण्याची पाळी आळीपाळीने वाटून घेतात. हे कसब घाटात शिकता येत नाही. त्यासाठी ट्रॅक लागतो, आणि तो रोज लागतो.

१९५१ मध्ये दिल्लीच्या पहिल्या आशियाई स्पर्धेत आपण सायकलिंगची पदके मिळवली. त्यानंतर आशियाई स्पर्धेत सायकलिंगचे एकही पदक नाही. ऑलिंपिकमध्ये आपले सायकलपटू अखेरचे दिसले ते १९६४ मध्ये, टोकियोला. १९८२ च्या एशियाडसाठी दिल्लीत वेलोड्रोम बांधले, २०१० मध्ये आणखी एक. पण दिल्लीतला ट्रॅक खोपोलीच्या पोराला काय कामाचा? द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी. जुन्या महामार्गावर ट्रकांच्या धुरात त्याचा सराव.

घाट आम्हाला निसर्गाने दिला. ट्रॅक माणसांनी बांधायचा असतो.